‘भरून काढणे’ या क्रियापदाविषयी

प्रिय विद्यार्थ्यास,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा निबंध लक्षपूर्वक वाचला. त्यात ‘त्याने आपली चूक भरून काढली’ असे वाक्य आहे. अर्थ कळतो, पण मराठी कानाला ते खटकते. ‘भरून काढणे’ या क्रियापदाला कर्म म्हणून उणे झालेले काहीतरी लागते: नुकसान, तूट, कसर, अनुशेष, बुडालेला अभ्यास. चूक सुधारावी लागते. तिच्यामुळे जे गमावले, ते भरून काढावे लागते.

या क्रियापदाचा जोर ‘काढणे’वर आहे. धुऊन काढणे, पिंजून काढणे, झोडपून काढणे यांत काम कसोशीने शेवटास नेल्याचा जो भाव आहे, तोच येथेही आहे. म्हणून ‘नुकसान भरले’ एवढ्याने रक्कम पोचती झाल्याचे कळते, तर ‘नुकसान भरून काढले’ म्हणताच त्यामागचे कष्टही दिसतात. कर्ता पुढे आणायचा नसेल तेव्हा ‘भरून निघणे’ योग्य. ‘भरून येणे’ मात्र निराळे: जखम, आभाळ, ऊर ही आपोआप भरून येतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ‘भरून काढणे’ आणि ‘भरून देणे’ यांतला भेद. ‘व्यापाऱ्याने गेल्या वर्षीचा तोटा भरून काढला’ या वाक्यात कोणावर अन्याय झालेला नाही. तोटा त्याचाच आणि लाभही त्याचाच. ‘त्याने शेजाऱ्याला नुकसान भरून दिले’ असे लिहिताच ज्याचे बिघडले तो माणूस ‘ला’ प्रत्यय घेऊन वाक्यात उभा राहतो. अपराधाच्या भरपाईविषयी लिहिताना हा माणूस वाक्यातून गळू देऊ नकोस, कारण तो गळला की अपराध्याची धडपड तेवढी उरते. ‘प्रायश्चित्त घेणे’ या प्रयोगात तर त्याला जागाच नसते: घेणारा शुद्ध होतो, पण सोसणाऱ्याच्या पदरात काही पडतेच असे नाही.

‘परिमार्जन’ म्हणजे मुळात पुसून स्वच्छ करणे. ते चुकीचे, दोषाचे, अन्यायाचे होते, तेव्हा तुझ्या वाक्यात ‘चुकीचे परिमार्जन केले’ शोभले असते. ‘क्षालन’ पापाचे किंवा कलंकाचे. रोजच्या चुकीला तो शब्द जड होतो.

‘फेडणे’ मला या सर्वांत अधिक जिवंत वाटते. कर्ज, उपकार, नवस, आईवडिलांचे पांग फेडायचे असतात. या अर्थाने, अंगावर काही देणे असल्याखेरीज हे क्रियापद येत नाही. ‘कुठे फेडशील हे पाप?’ या प्रश्नाची धार त्यातूनच येते, कारण तेथे पाप हेच कर्ज मानलेले असते. त्याचे अकर्मक रूप ‘फिटणे’. ‘हे ऋण फिटणार नाही’ असे आपण कृतज्ञतेने म्हणतो. अन्यायाच्या बाबतीत त्या जागी ‘भरून न निघणारी हानी’ येते. शोकसंदेशांत वापरून वापरून हा प्रयोग झिजला आहे. म्हणून जेथे हानी नेमकी कोणाची आणि कशाची हे तुला सांगता येईल, तेथेच तो लिही.

तुझा हितचिंतक