जुलाब थांबले, पोट मात्र बिघडलेलंच

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, औसा तालुक्यातला, एसटीत कंडक्टर आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी भाचीच्या लग्नात टँकरचं पाणी पिण्यात आलं आणि मांडवातल्या बऱ्याच जणांना जुलाब-उलट्या लागल्या. मला सलाईन लावावं लागलं. बाकीचे आठवड्यात बरे झाले, माझं पोट तेव्हापासून ठिकाणावर नाही. ड्यूटीला निघायच्या आधी तीन-चारदा जावं लागतं, बेंबीखाली मुरडा येतो, जाऊन आलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. रक्त पडत नाही, वजन घटलेलं नाही. सोनोग्राफी, रक्त, दुर्बिणीची तपासणी, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी आमांशाच्या गोळ्या पुन्हा पुन्हा दिल्या. दुसरे म्हणाले, आयबीएस आहे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्या नॉर्मल असूनही पोट बिघडलेलं राहणं), टेन्शन घेऊ नका. पोटाला हलकी म्हणून भाकरी सोडून चपाती खातो, तरी फरक नाही. घरचे म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ. हे मला नेमकं कशामुळे झालं?

उत्तर : भाऊ, लग्नाचं लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या मते तुमच्या दुखण्याची सुरुवात तिथंच आहे. जंतुसंसर्गाने जोराचे जुलाब झाले की साधारण दहातल्या एकाचं पोट पुढे महिनोन्महिने असं राहतं. कधी हे प्रमाण याहून बरंच जास्तही निघतं. कॅनडात वॉकर्टन नावाचं एक गाव आहे. मे २००० मध्ये तिथं मोठा पाऊस झाला, शेतातलं शेणखत वाहून गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीत उतरलं आणि दोन हजारांवर माणसं आजारी पडली. सात जण दगावले. डॉक्टरांनी पुढे कित्येक वर्षं त्या लोकांची तब्येत तपासली. दोन-तीन वर्षांनी पाहिलं, तर जुलाब झालेल्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्शाला आयबीएसचा त्रास होता. जे आजारी पडलेच नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण दहातलं एक. ज्यांचे जुलाब जास्त दिवस चालले, त्यांना धोका अधिक.

जंतू तर केव्हाच गेलेले असतात. मग मागे राहतं काय? काहींच्या आतड्याच्या अस्तराला बारीक सूज राहते, पोटातल्या उपयोगी जंतूंची घडी विस्कटते, आणि आतड्याचे मज्जातंतू हळवे होऊन बसतात. यातलं काहीही सोनोग्राफीत किंवा दुर्बिणीत दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणूस खोटा पडतो. याचा मला फार राग येतो. तुमच्या घरच्यांना हे वाचून दाखवा : १९७३ साली ब्रिटनमध्ये रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा ठेवून तो फुगवून पाहिला गेला. ६० मिलिलिटर हवेला आयबीएसच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना कळ आली. इतरांपैकी शंभरात सहांना. तेवढ्याच हवेने एकाला काही होत नाही आणि दुसरा कळवळतो, तर त्याला मनाचे खेळ कसं म्हणायचं?

ताणाचा वाटा आहेच. सेरोटोनिन म्हणजे मज्जातंतूंचे निरोप पोचवणारं रसायन. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, आणि मेंदू व आतडं यांचं बोलणं दोन्ही बाजूंनी अखंड चालू असतं. पहाटेची गाडी, खचाखच प्रवासी, मध्येच कळ आली तर उतरायचं कुठं ही धास्ती. त्या धास्तीने आतड्याची हालचाल वाढते आणि मुरडा आला की धास्ती वाढते. पण कंडक्टरकीचा ताण तुम्हाला लग्नाआधीही होता, तेव्हा पोट ठीक होतं. सगळा दोष ताणावर टाकणं मला पटत नाही.

त्रास सकाळीच का, तर झोपेतून उठल्यावर मोठं आतडं जोराने हलायला लागतं. पोटात काही पडलं की आणखी हलतं. हे सगळ्यांचंच होतं, तुमच्या हळव्या आतड्याला ते जास्त जाणवतं. त्यात उपाशीपोटी कडक चहा म्हणजे भरच. तो आधी बंद करा.

आता भाकरीचं. ती कृपा करून परत सुरू करा. गव्हात फ्रुक्टान नावाचा घटक असतो. तो आपल्या लहान आतड्यात पचत नाही, खाली जाऊन आंबतो, गॅस धरतो आणि पाणी ओढतो. ज्वारीत तो फारच कमी. कांदा-लसणात भरपूर. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने अशा पदार्थांचा बराच अभ्यास केला आहे. लसणाच्या वासाशिवाय घास उतरत नसेल, तर पाकळ्या तेलात परतून बाहेर काढा. फ्रुक्टान तेलात विरघळत नाही, वास मात्र उतरतो. तूर आणि हरभऱ्याची डाळ रात्री भिजवा, ते पाणी फेका आणि वाढून घेताना हात आखडता ठेवा. चार-सहा आठवडे करून पाहा, मग एकेक पदार्थ परत आणा, म्हणजे तुम्हाला काय सोसत नाही ते कळेल.

आमांशाच्या गोळ्या आता पुरे. शौचाच्या तपासणीत दिसणाऱ्या अमिबाचा एक निरुपद्रवी भाऊबंद आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत फरक कळत नाही, आणि त्याच्यापायी अनेकांना उगाच औषध मिळतं. वारंवार अँटिबायोटिक घेतल्याने पोटातले चांगले जंतूही मरतात. डॉक्टरांना दोन गोष्टी मात्र विचारा. पित्ताम्ल, म्हणजे पचनासाठी पित्तातून आतड्यात उतरणारं आम्ल, नीट शोषलं न गेल्यानेही असेच जुलाब होतात, ते पाहायचं का? आणि थायरॉईड तपासलं आहे का? झोपताना थोड्या मात्रेत नैराश्यावरची गोळी दिली, तर वेड्याचं औषध म्हणून फेकू नका. ती आतड्याचे तंतू शांत करायला देतात.

शौचातून रक्त पडलं, वजन उतरलं, संध्याकाळी ताप येऊ लागला किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागलं, तर मात्र त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असतो, तो आयबीएस समजून अंगावर काढायचा नसतो.

वॉकर्टनमधल्या लोकांचा त्रास आठ वर्षांनी पाहिला, तेव्हा प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलं होतं. म्हणजे तो कायमचाच असतो असं नाही.

प्रश्न : मी हिंगोलीची, लातूरला नीटच्या क्लाससाठी राहते. मेसमध्ये सकाळी पेलाभर दूध मिळतं. तासाभरात पोट फुगतं, गुडगुडतं, कधी पातळ होतं. रविवारच्या टेस्टला जास्तच. मैत्रीण म्हणते आयबीएस आहे. खरं का?

उत्तर : पोरी, आधी दूध दोन आठवडे पूर्ण सोडून बघ. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज आपल्याकडच्या कितीतरी लोकांत वयाबरोबर कमी होतं, त्यात आजारपण असं काही नाही. दही-ताक बहुतेकांना चालतं. दूध सोडून पोट शांत झालं, तर उत्तर मिळालंच. आणि दूध सोडूनही आठवड्यातून एकदा तरी पोट दुखत राहिलं, तीन महिने तसंच चाललं आणि शौचाला जाण्याशी त्याचा संबंध दिसला, तर आयबीएसचा विचार करू. टेस्टच्या दिवशी वाढतं हे मला खरं वाटतं. तेवढी एक सकाळ चहा-बिस्किटाऐवजी भाकरी आणि ताक घेऊन जा. आणि आईला आजच फोन करून सांग, काळजी करत बसली असेल.