पोलीस गोड बोलतो म्हणून गप्पा मारायच्या नाहीत

वहिनीने तुझा मेसेज पुढे पाठवला. नाशिकहून इकडे इंग्लंडला हॉस्पिटलात नर्स म्हणून येतेस, बरोबर मिस्टर आणि नऊ वर्षांचा मुलगा. तू विचारलंस: पासपोर्ट सतत जवळ ठेवायचा का, पोलिसांनी अडवलं तर काय करायचं, तक्रार लिहून घेतात का, नाइट ड्युटीहून येताना पर्समध्ये पेपर स्प्रे चालेल ना, आणि मिस्टरांनी दोनदा पीएसआयची परीक्षा दिलीय तर त्यांना तिकडच्या पोलिसांत जाता येईल का. घर कसं शोधायचं, पोहे कुठे मिळतात हे सगळे विचारतात. पोलिसांबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी वकील नाही, बारा वर्षं इथे राहिलेली बाई आहे, तेवढं धरून वाच. आणि हे सगळं इंग्लंड-वेल्सचं आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, पोलीसही वेगळे.

आधी माझी फजिती ऐक. आल्यावर पहिल्याच दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमाहून रात्री अकराला परत येत होतो. गाडी मी चालवत होते. मागून निळे दिवे आले. मी गाडी कडेला घेतली, डॅशबोर्डमधली कागदांची फाइल उचलली आणि नऊवारी सावरत उतरून थेट पोलिसाकडे चालत गेले. आपल्याकडची सवय! साहेब जागेवर उभे, आपण त्यांच्यापाशी जायचं. तो बिचारा दचकला. म्हणाला, मॅडम, प्लीज गाडीत बसा, रस्ता आहे, शिवाय थंडी आहे. मग खिडकीपाशी वाकून सांगितलं की डावा ब्रेकलाइट लागत नाहीये. आज काही पिणं झालंय का, एवढं विचारलं. फाइल उघडलीसुद्धा नाही. गाडीचा विमा आहे की नाही हे त्याला नंबरप्लेटवरूनच दिसत होतं. उद्या बल्ब बदला म्हणाला आणि गेला. दंड नाही, ‘काहीतरी बघा’ नाही. (तसलं काही आपल्या बाजूने सुचवू नकोस हं, गमतीतसुद्धा. २०१० च्या लाचविरोधी कायद्यात १० वर्षांपर्यंत कैद आहे.)

तेव्हा शिकले ते हे: पोलिसाने थांबवलं की गाडीतच बसून राहायचं, काच खाली, हात दिसतील असे. गाडी थांबवायला त्याला कारण लागत नाही, तो अधिकार कायद्यानेच आहे. लायसन्स जवळ नसेल तर ७ दिवसांत पोलीस ठाण्यात नेऊन दाखवायला सांगू शकतो. विमा नसेल तर मात्र गाडी तिथल्या तिथे उचलून नेतात, आणि त्यात ते कोणाचं ऐकत नाहीत.

पायी चालताना गोष्ट वेगळी. या देशात ओळखपत्रच नाही. २००६ मध्ये तसा कायदा केला होता, २०१० मध्ये तो रद्दही केला. म्हणून पासपोर्ट घरी कपाटात ठेव. व्हिसाही आता ऑनलाइनच असतो. रस्त्यात पोलिसाने ‘कुठे निघालात’ विचारलं तर उत्तर द्यायची सक्ती नाही. मी देते, कारण दोन वाक्यांत विषय संपतो. पण अंगझडती घ्यायची असेल तर त्याच्याकडे ठोस संशय हवा. नाव, ठाणं, काय शोधतोय, का शोधतोय, कुठल्या कायद्याखाली हे त्याने आधी सांगायचं असतं, आणि झडतीची नोंद मागायचा तुला हक्क आहे. भर रस्त्यात कोट, जाकीट आणि हातमोजे एवढंच काढायला सांगू शकतो. झडती देताना नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही. याला अपवाद आहेत, त्यातला एक: एखाद्या भागात मारामारीची भीती असेल तर वरचा अधिकारी तेवढ्या भागापुरता, ठरावीक तासांपुरता हुकूम काढतो. मग संशय नसतानाही झडती घेता येते.

कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात काळ्या मुलांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा अडवतात, हे सरकारी आकडेच दरवर्षी सांगतात. १९९३ मध्ये लंडनला स्टीफन लॉरेन्स या काळ्या मुलाचा खून झाला. त्या तपासाच्या चौकशीने १९९९ मध्ये लंडन पोलिसांना संस्था म्हणूनच वंशभेदी ठरवलं. २०२३ मध्ये बॅरोनेस केसी यांच्या अहवालाने तेच पुन्हा म्हटलं, वर स्त्रीद्वेष्टे असल्याचंही जोडलं. तेव्हा इथला पोलीस म्हणजे देवमाणूस अशी समजूत करून येऊ नकोस.

आता ज्यासाठी एवढं लिहितेय तो मुद्दा. आपल्याकडे पोलिसाची भीती वाटते म्हणून माणूस तोंड मिटून असतो. इथला पोलीस आवाज चढवत नाही, चहा विचारतो, ‘नुसतं तुमची बाजू ऐकून घ्यायचीय’ म्हणतो. आणि आपली माणसं भडाभडा बोलतात. तिथेच फसतात.

भारतात पोलिसाला दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. ती तरतूद इंग्रजांनीच १८७२ च्या पुरावा कायद्यात घातली, आपल्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. हिंदुस्थानातल्या पोलिसांवर त्यांचा विश्वास नव्हता, दुसरं काय! स्वतःच्या देशात मात्र तसं नाही. इथे ठाण्यात जे बोलशील ते रेकॉर्ड होतं आणि ते सरळ पुरावा म्हणून कोर्टात ऐकवता येतं. अटक करताना, आणि जबाबाआधी पुन्हा, ते एक ठरलेलं वाक्य म्हणतात. त्याचा अर्थ असा: तुम्ही काही बोलायला बांधील नाही, पण आता विचारल्यावर जे सांगितलं नाहीत आणि पुढे कोर्टात त्याचाच आधार घेतलात, तर तुमच्या बचावाला बाधा येऊ शकते, तुम्ही बोलाल ते पुराव्यात येऊ शकतं. म्हणजे बोललं तरी पंचाईत, गप्प बसलं तरी पंचाईत. कधी बोलायचं हे ठरवायला वकील लागतो, आणि तो ठाण्यात फुकट मिळतो. तुझा पगार कितीही असो, फुकट. ‘वकील मागितला म्हणजे काहीतरी केलं असणार’ असं इथे कोणी धरत नाही. दुभाष्याही फुकट. मागताना ‘मराठी’ असं स्पष्ट सांग, नुसतं ‘इंडियन’ म्हणू नकोस, नाहीतर समोर हिंदीवाला यायचा. भारतीय उच्चायोगाला (इथला आपला दूतावास) कळवा असंही सांगता येतं. आरोप न ठेवता साधारण २४ तास ठेवता येतं. गुन्हा गंभीर असेल तर वरिष्ठांच्या परवानगीने ३६, आणि मॅजिस्ट्रेटकडून ९६ तासांपर्यंत.

अटक नसेल तरी सावध राहा. ‘मंगळवारी जमेल तेव्हा येऊन जा, अटक वगैरे काही नाही’ असा फोन येतो. त्याला स्वेच्छेने दिलेला जबाब म्हणतात. स्वेच्छा कसली! रेकॉर्डिंग तेच, ते वाक्यही तेच. वकील घेऊनच जायचं.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं सांगते. पबबाहेर धक्काबुक्की झाली, कोणाला फारसं लागलं नाही. ठाण्यात अधिकारी म्हणाला, मान्य असेल तर कॉशन देऊन सोडतो, कोर्ट नको, कचेरी नको. पोराला वाटलं ताकीद देतायत. वकील नको म्हणाला, सही केली, रात्री घरी येऊन जेवला. पुढच्या व्हिसाच्या फॉर्ममध्ये प्रश्न आला तेव्हा कळलं की त्या सहीने गुन्हा कबूल झालाय आणि त्याची नोंद आहे. घोटाळा शब्दाचाच आहे. जबाबाआधीच्या त्या वाक्यालाही कॉशन म्हणतात आणि गुन्हा कबूल करून कोर्टाबाहेर मिटवण्यालाही कॉशनच म्हणतात. तू नर्स आहेस. असलं काही झालं तर तुझ्या नर्सिंग कौन्सिलला कळवणं बंधनकारक आहे. सुटका होतेय म्हणून सही करायची नाही.

तक्रारीचं विचारलंस. एफआयआर घ्यायला टाळाटाळ ही आपली रड. इथे तसं होत नाही. ऑनलाइन किंवा १०१ या पोलिसांच्या साध्या, तातडी नसतानाच्या नंबरवर सांगितलं की लगेच नंबर देतात, हद्दीचा वाद नाही, ओळखीचा माणूस लागत नाही. माझी सायकल स्टेशनबाहेरून गेली. रात्री आठला तक्रार केली, नंबर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी गोड भाषेत ईमेल आला: पुढे तपास करण्यासारखं काही हाती नाही, प्रकरण बंद करत आहोत, मानसिक आधार हवा असल्यास या नंबरवर फोन करा. सायकल नाही, पण आधार आहे! त्या नंबरावर विम्याचे पैसे मिळतात, तक्रारीचा उपयोग तेवढाच. कॅमेऱ्याचं फुटेज बघितलं का, असं विचारणारं दुसरं पत्र मी पाठवलं, त्याचं उत्तर अजून यायचंय.

जिवावर बेतलं तर मात्र ९९९, आणि तेव्हा खरोखर येतात. मोबाइलवरून बोलता येत नसेल तर लाइन चालू ठेवायची आणि सांगतील तेव्हा ५५ दाबायचं. रात्रीच्या ट्रेनमध्ये कोणी त्रास दिला तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर टेक्स्ट करता येतो. हा नंबर आजच सेव्ह कर.

पेपर स्प्रे नाशिकलाच ठेव! इथे तो १९६८ च्या बंदुकांच्या कायद्याखाली बंदी असलेल्या शस्त्रांत मोडतो, नुसता पर्समध्ये सापडला तरी गुन्हा. ‘स्वसंरक्षणासाठी’ म्हणालीस तर उलट फसशील. कर्कश वाजणारा छोटा अलार्म मिळतो, तो घे. चाकूचंही तेच. ३ इंचांपेक्षा कमी पात्याचा, साधा मिटणारा चाकू चालतो, त्यापलीकडे बाहेर नेताना सयुक्तिक कारण लागतं. विळी मोठ्या बॅगेतून आण, खुशाल आण. फक्त मैत्रिणीकडे मोदकांना जाताना नेलीस तर नीट गुंडाळून ने.

साध्या कपड्यातल्या एकट्या पोलिसाचं एक लक्षात ठेव. २०२१ मध्ये लंडनमध्ये एका पोलिसानेच ओळखपत्र दाखवून एका तरुणीला गाडीत बसवलं आणि तिचा खून केला. तेव्हापासून शंका विचारणं हा उद्धटपणा मानत नाहीत. एकटा असेल तर ‘तुमच्या कंट्रोल रूमशी बोलायचंय’ म्हणायचं, नाहीतर स्वतः ९९९ लावायचा. आणि फोनवर ‘मी पोलीस बोलतोय, व्हिसा रद्द होईल, पैसे भरा’ असं कोणी म्हणालं तर बिनधास्त ठेवून दे. तिकडच्या डिजिटल अरेस्टचीच ही इकडची भावंडं.

मुलाचंही सांगते, तू विचारलं नाहीस तरी. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये मुलावर हात उगारणं कायद्याने बंद आहे. इंग्लंडमध्ये अजून थोडी पळवाट आहे, पण तिच्यावर विसंबू नकोस. मुलाने शाळेत ‘आईने फटका दिला’ म्हटलं की शिक्षक वर कळवतात. घरात एकटं ठेवायला कायद्यात ठरावीक वय नाही, पण नऊ वर्षांच्या मुलाला नाइट ड्युटीभर एकटं ठेवलंस तर ते नक्की अंगाशी येईल.

आता मिस्टर. लगेच नाही. इथल्या पोलिसांत जायला ब्रिटिश नागरिकत्व लागतंच असं नाही, भारत राष्ट्रकुलात आहे म्हणून आपल्यालाही दार उघडं आहे. पण राहण्यावर कसलंही बंधन नको, म्हणजे आधी कायमची परवानगी हवी. शिवाय पार्श्वभूमी तपासतात, त्यासाठी साधारण मागची ३ वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं. मनाची तयारी एवढीच की इथे परीक्षा देऊन थेट फौजदार होत नाहीत. जवळपास सगळे कॉन्स्टेबलपासूनच सुरुवात करतात, मग सार्जंट, मग इन्स्पेक्टर. पदवी असेल तर २ वर्षांत उमेदवारी पूर्ण होते, नसेल तर ३ वर्षं नोकरी करता करता पदवीही मिळवता येते. बंदूक नाही. दांडकं, स्प्रे, बेड्या, छातीवर कॅमेरा, काहींकडे विजेचा झटका देणारं टेझर. बंदूकवाले वेगळे, त्यांचं प्रशिक्षण वेगळं. विमानतळावर उतरशील तेव्हा तेच आधी दिसतील, घाबरू नकोस. तोवर मिस्टरांनी इथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढावं. भारतीय लायसन्सवर १२ महिनेच गाडी चालवता येते. आणि नवं लायसन्स मिळाल्यावर पहिली २ वर्षं नियम मोडल्याचे ६ पॉइंट झाले की ते रद्द होतं. गाडी चालवताना एकदा मोबाइल हातात धरला की २०० पौंड दंड आणि बरोबर ६ पॉइंट.

राहिलं पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला. नर्सच्या व्हिसाला ते लागतं, नाशिकचं पासपोर्ट ऑफिसमार्फत होईल. पण वहिनी म्हणाली की तू मधे दोन वर्षं मस्कतला होतीस. मागच्या १० वर्षांत जिथे १२ महिने किंवा जास्त राहिलीस, त्या प्रत्येक देशाचं लागतं. नाशिकचं नंतर बघ, मस्कतचा अर्ज आधी टाक. तिथल्या हॉस्पिटलातली कोणी मैत्रीण अजून असेल तर तिला आजच फोन कर.