छायाचित्र उठावदार केले म्हणजे प्रतिकृती होत नाही

अंध विद्यार्थ्यांना खगोलशास्त्र शिकवण्यासाठी चंद्राची आणि एखाद्या दीर्घिकेची (गॅलेक्सीची) छायाचित्रे जाड गोंदाने उठावदार केली तर चालेल का, असा आपला प्रश्न आहे. माझे मत स्पष्ट आहे: त्या वाटेला जाऊ नये. छायाचित्रात उजेड आणि सावली असते, उंची नसते. दीर्घिकेचा तेजस्वी गाभा उंच केला की बोटाला तो डोंगर वाटतो. शिवाय डोळ्याला आधी संपूर्ण चित्र दिसते आणि मग तपशील; बोट मात्र तपशील एकामागून एक गोळा करून त्यांतून आकृती जुळवते. म्हणून एका प्रतिकृतीने एकच गोष्ट सांगावी.

चंद्राचा गोल करायचा असेल तर लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाने लेसरच्या साहाय्याने केलेली उंचीची मोजणी विनामूल्य उपलब्ध आहे. त्रिमितीय छपाईसाठी तीच वापरावी. अडचण येते ती प्रमाणाची. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर सुमारे ८५ किलोमीटर रुंदीचे टायको विवर जेमतेम ५ मिलिमीटरचे होते आणि त्याची जवळजवळ ५ किलोमीटरची खोली ०.३ मिलिमीटरही भरत नाही. ब्रेलच्या टिंबाची उंचीसुद्धा साधारण अर्धा मिलिमीटर असते, त्यामुळे उंचसखलपणा पाच-सहा पटींनी वाढवावा लागतो. तो जरूर वाढवावा, पण तसे विद्यार्थ्याला सांगावे आणि शेजारी तेवढाच गुळगुळीत चेंडू ठेवावा, कारण खरा चंद्र या दोहोंपैकी चेंडूच्याच अधिक जवळचा आहे.

चंद्राच्या कला समजावण्यासाठी मात्र विवरे नसलेले साधे चेंडू उत्तम. आठ चेंडू घेऊन प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर खरखरीत कापड चिकटवावे (पॉलिशपेपर नको, त्याने बोटे लवकर बधिर होतात), विद्यार्थ्याला फिरत्या स्टुलावर मधोमध बसवून ते त्याच्याभोवती वर्तुळात पक्के बसवावेत आणि सगळ्यांची खरखरीत बाजू सूर्य म्हणून ठरवलेल्या एकाच दिशेला ठेवावी. त्याने प्रत्येक चेंडू फक्त आपल्या बाजूने चाचपायचा. अमावास्येला हाताला निव्वळ गुळगुळीतपणा लागतो, अष्टमीला अर्धा चेंडू खरखरीत लागतो, पौर्णिमेला सगळाच. मग अमावास्येच्या चेंडूमागे हात न्यायला सांगावे: उजळलेला अर्धा भाग तिथे जसाच्या तसा सापडतो. पृथ्वीच्या सावलीमुळे कला होतात, ही डोळस मुलांतही घट्ट रुजलेली समजूत इथे आपोआप सुटते.

ताऱ्यांच्या नकाशात तेजस्वितेसाठी टिंबांचे तीनच आकार ठेवावेत, त्याहून अधिक बोटाला वेगळे ओळखू येत नाहीत. नक्षत्राच्या जोडरेषा काल्पनिक असल्याचे सांगायला विसरू नये. मृगाचे तारे कमी-अधिक अंतरांवर मांडता आले तर फारच छान: बेलाट्रिक्स सुमारे २५० प्रकाशवर्षांवर आहे आणि राजन्य सुमारे ८६०, पण आकाशाकडे पाहून हा फरक डोळसांनाही कळत नाही.

चाचणी डोळे मिटून स्वतः करण्यात अर्थ नाही, कारण चित्र आपल्याला आधीच ठाऊक असते. कच्ची प्रतिकृती एखाद्या अंध वाचकाच्या हाती द्यावी, गप्प बसावे आणि बोटे कुठे अडखळतात ते पाहावे. नावे आकृतीच्या आत न घालता कडेला ब्रेल क्रमांकाने द्यावीत आणि सोबत ध्वनिमुद्रित वर्णनही ठेवावे, कारण प्रत्येक दृष्टिबाधित व्यक्तीला ब्रेल येतेच असे नाही.