जन्मसालाची नाणी : वाचकांचे प्रश्न

माझा जन्म १९७५ चा. त्या सालाची बऱ्याच देशांची नाणी जमवली, पण अमेरिकेचा क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरचं नाणं, काही मिळेना. पुतण्या तिकडेच नोकरीला आहे, त्यालाही सापडला नाही. एवढा दुर्मिळ आहे का? (शिक्षक, दारव्हा)

पुतण्याला आता मोकळं करा, सर. १९७५ साल घातलेला क्वार्टर अमेरिकेने पाडलाच नाही. त्यांच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं १९७६ ला पूर्ण होणार होती. म्हणून १९७५ आणि १९७६ या दोन्ही वर्षी क्वार्टर, अर्धा डॉलर आणि डॉलरवर ‘१७७६-१९७६’ असं जोडसाल टाकलं. क्वार्टरच्या मागच्या बाजूला ढोल वाजवणारा सैनिक आहे. त्यातला ७५ ला पाडलेला कोणता आणि ७६ ला कोणता, हे बघून सांगता येत नाही. तुम्ही तो खुशाल आपला म्हणून ठेवा. अंकात ‘१९७५’ पाहिजेच असेल तर सेंट, पाच सेंट आणि डाइम (दहा सेंट) ही तीन नाणी आहेत, आणि ती स्वस्तात मिळतात.

एक विचारतो : त्याच सालाचे आपले दहा पैसे घेतले का? १९७५ हे महिला वर्ष. त्या वर्षीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या दहा पैशांवर समानता, विकास, शांती हे शब्द आहेत. देशांची संख्या फुगवत बसणाऱ्यांना घरच्या डब्यातलं नाणं दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमच्या आबांचा जन्म १९४८ चा. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, पण ती तारीख मास्तरांनी लावलेली. पणजी सांगायची की कापूस वेचणी चालू होती. त्यांना त्यांच्या सालाचं भारतीय नाणं द्यायचं आहे. (उमरखेड)

चलनातलं तसं नाणं नाही. इंग्रजी अमलातलं शेवटचं साल १९४७, ते वाघाच्या रुपयावर दिसतं. प्रजासत्ताकाची सिंहमुद्रेची नाणी आली ती १९५० ची. मधल्या काळात बाजार जुन्याच नाण्यांवर चालला. कोणी ‘१९४८ चा भारतीय रुपया’ म्हणून काही दाखवलं तर हात जोडून निघून या.

पण आबांसाठी दुसरे रस्ते आहेत, आणि ते जास्त मजेचे आहेत. ब्रिटनची १९४८ ची पेनी शोधा. तांबूस, मोठी, आपल्या जुन्या पाव आण्यापेक्षाही थोराड. सहाव्या जॉर्जच्या चेहऱ्याभोवती लॅटिन अक्षरं आहेत, त्यांच्या शेवटी ‘इंड इंप’ असं तोडून लिहिलेलं दिसेल. म्हणजे भारताचा सम्राट! इकडे तिरंगा फडकून वर्ष होत आलं होतं, तिकडे टांकसाळीचा साचा तोच होता. १९४९ च्या पेनीवर हे शब्द नाहीत. दोन्ही पेन्या शेजारी ठेवून आबांना भिंग द्या.

दुसरा रस्ता तुमच्या उंबरठ्यावरचा आहे. पैनगंगेपलीकडे निजामाचं राज्य होतं आणि हैदराबादची स्वतःची नाणी हिजरी १३६८ पर्यंत निघाली. हे हिजरी साल १९४८ च्या नोव्हेंबरात लागलं, म्हणजे ऐन वेचणीत. पणजींचं म्हणणं धरलं तर हे साल आबांना दाखल्यावरच्या तारखेपेक्षा जास्त शोभतं. आकडे अरबी वळणाचे असतात : टिंब म्हणजे शून्य, बारीक गोळा म्हणजे पाच, आणि छपरासारखी खूण म्हणजे आठ. पाचाला शून्य समजून बरेच जण फसतात.

कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला एका जपानी पाहुण्याने मला मधोमध भोक असलेलं पिवळं नाणं दिलं. त्यावर एकही ओळखीचा आकडा नाही. मैत्रिणीकडे नेपाळचं नाणं आहे, त्यावर २०३५! ते खोटं आहे का? माझा जन्म ऑगस्ट १९७८ चा. (अंगणवाडी सेविका, मौदा)

तुमचं नाणं पाच येनचं. भोकाभोवती दात्यांचं चाक, वर झुकलेली धानाची लोंब, खाली पाण्याच्या रेघा : उद्योग, शेती आणि मासेमारी. मौद्याच्या माणसाला धानाची लोंब सांगायची गरज नाही.

साल मागच्या बाजूला आहे, पण ते सम्राटाच्या कारकिर्दीचं. जपानी एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा. दहा म्हणजे अधिकाचं चिन्ह. पाच, दहा आणि मग तीन रेघा अशी ओळ दिसली तर ते शोवा काळातलं ५३ वं वर्ष. त्यात १९२५ मिळवा, १९७८ येतं. कारकिर्दीच्या नावाची पहिली दोन अक्षरं मात्र नीट जुळवा, कारण १९८९ पासूनच्या हेइसेई काळासाठी १९८८ मिळवावे लागतात.

नेपाळचं नाणं खरंच आहे. ते विक्रम संवत. २०३५ एप्रिल १९७८ ला लागलं आणि एप्रिल १९७९ ला संपलं, म्हणून ते तुमच्याच ऑगस्टचं आहे. मैत्रिणीशी अदलाबदल करून टाका. थायलंडचं नाणं हाती आलं तर त्यावर २५२१ बघा, तिथे बुद्धाब्द चालतं.

काळी पडलेली नाणी चिंच-राखेने घासली तर चालतील का? पावसाळ्यात हिरवटही होतात. (मेहकर)

घासू नका. चकाकी येते, पण वरचा थर जातो आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही जाते. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा, टिपून वाळवा, तेवढं पुरे. नाणं कडेला धरा.

हिरवटपणाचं कारण बहुतेक तुमच्या खोलीतच असेल. नाण्यांचा डबा युरियाच्या पोत्यांजवळ आहे का? ओलीत खतातून सुटणारा अमोनिया तांब्याला खातो. फवारणीचं गंधक आणि साधं रबरबँड चांदीला काळं करतं. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांनीही हिरवा चिकटा येतो. पुठ्ठ्याचे कॉइन होल्डर घ्या आणि डबा खताच्या खोलीतून हलवा.

मुलगी १९९९ ची. युरो तर २००२ ला आले ना? (वरुड)

बाजारात २००२ ला आले, पण फ्रान्स, स्पेन, नेदरलँड्स, बेल्जियम आणि फिनलंड यांनी पाडलं त्याच वर्षाचं साल घातलं, म्हणून १९९९ चे युरो सेंट मिळतात. जर्मनीचे मात्र २००२ पासूनच.

ट्रॅक्टरच्या पाच रुपयांच्या नोटेला आणि वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये देतो असा फोन आला. आधी नोंदणीचे पैसे मागतात. (तिरोडा)

एक रुपयाही देऊ नका. वैष्णोदेवीचं पाच-दहाचं नाणं २०१२ चं आहे आणि ते भरपूर निघालं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांबद्दल बँकेनेच २०२१ मध्ये सावध केलं होतं : ती असा व्यवहार करत नाही आणि कोणाला तसा अधिकारही देत नाही. घेणारा माणूस विकणाऱ्याकडून फी मागत नसतो. पैसे गेलेच असतील तर आजच्या आज सायबर फसवणुकीच्या १९३० या फोन क्रमांकावर तक्रार करा.