वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतलं स्कीइंग, सोलापूरकरांच्या नजरेतून

अमेरिकेतल्या स्कीइंगच्या इतिहासावर आम्ही प्रश्न मागवले होते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत पदकांपेक्षा लाकूड, दोर, पत्रा आणि पाणी यांविषयीच जास्त विचारणा आहे. हे आम्हाला फार आवडलं. डोंगर चढायचा कसा आणि पाय न मोडता उतरायचा कसा, या दोन अडचणी ज्यांनी सोडवल्या त्यांना आम्ही विजेत्यांच्या आधी मान देतो.

शाळेच्या क्रीडा सप्ताहात एका भिंतीवर अमेरिकी स्कीइंगचे मानकरी लावायचे आहेत. सुरुवात कुणापासून करावी? सोबत एखादी वस्तू मांडता येईल का? — शिक्षिका, जुळे सोलापूर

सुरुवात एका टपालवाल्यापासून करा. जॉन थॉमसन १८२७ साली नॉर्वेच्या टेलेमार्क भागात जन्मला आणि लहानपणीच कुटुंबासोबत अमेरिकेत आला. १८५६ पासून वीस वर्षं, दर हिवाळ्यात, तो पायात स्की, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या लांब फळ्या, बांधून कॅलिफोर्नियातल्या प्लॅसरव्हिलहून सिएरा नेवाडा ही पर्वतरांग ओलांडून पलीकडच्या जिनोआ गावी टपाल पोचवत असे. अंतर सुमारे १४५ किलोमीटर. जायला तीन दिवस, यायला दोन. पाठीवरचं ओझं कधी कधी ४० किलोच्या पुढे जाई. सोबत पांघरूण नाही, बंदूक नाही. खायला सुकं मांस आणि बिस्किटं, प्यायला बर्फाचं पाणी. हातात एकच लांब काठी असे, तीही तोल सांभाळण्यासाठी. सरकारकडून मोबदला मिळावा म्हणून तो वॉशिंग्टनपर्यंत गेला. हाती काही लागलं नाही. १८७६ मध्ये तो वारला. अमेरिकेत त्याला ‘स्नोशू थॉमसन’ म्हणून ओळखतात.

त्याच डोंगरांत, ला पोर्ट गावाच्या परिसरात, सोन्याच्या खाणीतले कामगार १८६० च्या दशकात स्कीच्या शर्यती लावत. वळणं नाहीत, थेट खाली. स्की १२ ते १४ फुटी. देवमाशाचं मेण, कापूर, पाइनची राळ आणि चरबी उकळून तळाला लावायचं मेण बने. कोरड्या आणि ओल्या बर्फासाठी मेणाचं प्रमाण वेगळं असे, आणि प्रत्येक जण आपलं प्रमाण गुपित ठेवी. शर्यत बऱ्याचदा त्या मेणावरच ठरायची.

वस्तू म्हणून थॉमसनच्या मापाची स्की करा: लांबी १० फूट, रुंदी साधारण ४ इंच. त्याच्या जोडीचं वजन ११ किलोच्या आसपास होतं. तुमची हलकी होईल, हरकत नाही. जाड फळीचं नाक वाकवायला जाऊ नका, ती तडकते. ३ मिमी प्लायचे तीन थर एकमेकांवर चिकटवा. शीट ८ फुटांचं असतं, त्यामुळे सांधा येणारच. म्हणून पहिल्या थरात नाकाकडचा तुकडा २ फूट आणि मागचा ८, दुसऱ्यात ३ आणि ७, तिसऱ्यात ४ आणि ६ फूट घ्या. सांधे एकाखाली एक आले तर स्की तिथेच मोडेल. नाकाचे तुकडे मात्र शीटच्या ४ फुटी रुंदीतून कापा. वरच्या लाकडाच्या रेषा स्कीच्या लांबीला आडव्या आल्या की प्लाय सहज वळते. लांबीच्या दिशेनं असल्या की बाहेरच्या बाजूनं चिरते. लाकडी साच्यावर फेविकॉल लावून क्लॅम्प आवळा आणि रात्रभर ठेवा. सोडल्यावर नाक थोडं परत सरळ होतंच, तेव्हा साच्याचा बाक हव्या त्यापेक्षा थोडा जास्त ठेवा.

अॅल्युमिनियमची स्की कुणी काढली? पत्रा तर वाकतो, मग टिकली कशी? — फॅब्रिकेशनवाले, अक्कलकोट रोड एमआयडीसी

हॉवर्ड हेड. बाल्टिमोरच्या मार्टिन विमान कारखान्यातला अभियंता. त्या काळच्या स्की हिकरीच्या जड लाकडाच्या असत. ओल धरत, पीळ घेत. विमानात पातळ पत्रे आणि मधे हलका गाभा अशी रचना असते, ती त्यानं स्कीला लावली.

पट्टी वाकते तेव्हा वरच्या पृष्ठभागावर दाब येतो आणि खालच्यावर ताण. मधल्या भागावर दोन्ही जवळजवळ नसतात. म्हणून ताकदीचा माल वर-खाली ठेवायचा आणि मधल्या गाभ्यानं त्या दोन पत्र्यांना एकमेकांपासून दूर धरायचं. मात्र सगळा भार मग डिंकाच्या थरावर येतो, कारण पत्रा आणि गाभा एकमेकांवरून सरकू पाहतात. हेडच्या सुरुवातीच्या जोड्या चाचणीत मोडल्या. त्यानं हलका पोकळ गाभा सोडून प्लायवूडचा घेतला. अॅल्युमिनियमच्या तळाला बर्फ चिकटतो, म्हणून खाली प्लास्टिक लावलं. कडक बर्फावर अॅल्युमिनियमची कड पकड धरत नाही आणि लवकर झिजते, म्हणून कडेला पोलादी पट्टी बसवली. हे सगळं जुळायला तीनेक वर्षं गेली, आणि १९५० मध्ये ‘हेड स्टँडर्ड’ बाजारात आली. तिच्यावर वळणं इतकी सोपी झाली की लोक तिला ‘चीटर’ म्हणू लागले. याच माणसानं पुढे प्रिन्स कंपनीची मोठ्या तोंडाची टेनिस रॅकेट आणली.

माणसांना वर ओढणारा दोर पहिल्यांदा कुठे लागला? — यंत्रमाग दुरुस्ती कारागीर, साखर पेठ

अमेरिकेत, जानेवारी १९३४, वुडस्टॉक, व्हरमाँट राज्य. क्लिंटन गिल्बर्ट यांच्या शेतातल्या कुरणावर अखंड दोर फिरवला, आणि त्याला फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं इंजिन जोडलं. दोर सुमारे १,८०० फूट, म्हणजे चढण त्याच्या निम्मी. दोष तुम्ही ओळखलेच असतील. पिळाचा दोर ओढाखाली स्वतःभोवती फिरतो, आणि त्यात मफलर, हातमोजे गुंडाळले जात. ओला झाला की जड होई, मधे लोंबे, आणि खालून तिसऱ्या-चौथ्या माणसाला तो उचलूनच धरावा लागे.

यावरचा तोडगा १९३६ मध्ये आला. युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष अॅव्हरेल हॅरिमन यांनी आयडाहोत सन व्हॅली हे स्की केंद्र उभारलं, आणि त्यांच्या ओमाहाच्या कार्यालयातल्या जिम करन या अभियंत्यानं खुर्च्यांची लिफ्ट आखली. जहाजात केळीचे घड चढवणारा आकड्यांचा फिरता तारदोर त्याला ठाऊक होता. आकड्याच्या जागी त्यानं खुर्ची टांगली. माणूस बसताना खुर्ची किती वेगानं यावी? ओमाहात उन्हाळा, बर्फाचा पत्ता नाही. ट्रकच्या बाजूला खुर्ची बांधली, माणसाला आधी गवताच्या काडावर स्की घालून उभं केलं. स्की सरकेनात, तेव्हा पायात चाकाचे बूट घालून सिमेंटवर उभं केलं. वेग ठरला ताशी ६ ते ८ किलोमीटर. आजही खुर्च्या तारदोराला कायम जोडलेल्या लिफ्टचा वेग याच्या फार पुढे गेलेला नाही.

आमच्याकडे द्राक्षबागेचा ब्लोअर आहे. हिवाळ्यातल्या रात्री त्यानं बर्फ पाडता येईल का? — बागायतदार, पंढरपूर तालुका

नाही. पण विचार योग्य दिशेनं आहे, कारण पहिली बर्फाची तोफसुद्धा अशाच सामानातून झाली. कनेक्टिकट राज्यातल्या मिलफर्डमध्ये आर्ट हंट, डेव्ह रिची आणि वेन पिअर्स यांची टे मॅन्युफॅक्चरिंग कंपनी धातूच्या स्की बनवत होती. बर्फ पडेना, स्की खपेनात. मार्च १९५० मध्ये त्यांनी रंग फवारायचा कॉम्प्रेसर, एक नोझल आणि बागेची नळी जोडून बर्फ पाडला.

दाबाखालची हवा पाण्याचे बारीक थेंब करते आणि नोझलबाहेर फुगताना स्वतः थंड होते. त्यात इवले हिमकण तयार होतात, आणि बाकीचे थेंब त्यांच्याभोवती गोठतात. ब्लोअरमध्ये पंखा असतो, दाबाची हवा नसते. बीजकण मिळत नाहीत. खरी अडचण मात्र हवामानाची आहे. इथे साधा पारा बघून चालत नाही. पाऱ्याच्या गोळीला ओलं फडकं गुंडाळल्यावर दिसणारं तापमान उणे २ अंशांच्या खाली लागतं. हवा कोरडी असेल तर बाहेर १ अंश असतानाही बर्फ पडतो. सोलापुरात रात्री १२ अंश आणि आर्द्रता ४० टक्के धरली, तरी ओल्या फडक्याचा पारा ६ च्या आसपास थांबतो. शिवाय एक एकरावर फूटभर थर द्यायला सहा लाख लिटरच्या आसपास पाणी लागेल. पाण्याची किंमत या जिल्ह्याला वेगळी सांगायला नको.

अमेरिकेच्या स्त्री-खेळाडूंमध्ये मोठी कोण? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, होटगी रोड

आकड्यांनी मिकेला शिफ्रिन. २०१४ ला सोची ऑलिम्पिकमध्ये १८ व्या वर्षी स्लॅलमचं (काठ्यांच्या फाटकांमधून नागमोडी उतरायची शर्यत) सुवर्ण; ११ मार्च २०२३ रोजी स्वीडनमध्ये ऑरे इथे विश्वचषक मालिकेतला ८७ वा विजय, ज्यानं स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कचा ८६ चा विक्रम मोडला; आणि २३ फेब्रुवारी २०२५ ला इटलीत सेस्त्रिएरे इथे शंभरावा.

पण आमचा कौल अँड्रिया मीड लॉरेन्सकडे झुकतो. तिच्याआधी १९४८ मध्ये सेंट मॉरिट्झला ग्रेचेन फ्रेझरनं स्लॅलम जिंकून स्कीइंगमधलं अमेरिकेचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण आणलं होतं. १९५२ ला ऑस्लोत व्हरमाँटची १९ वर्षांची अँड्रिया जायंट स्लॅलम (फाटकं जास्त दूर असलेली शर्यत) जिंकून स्लॅलमला उतरली. स्लॅलममध्ये दोन फेऱ्यांच्या वेळा मिळवतात आणि प्रत्येक फाटकातून जावंच लागतं. एक चुकलं की बाद. पहिल्या फेरीत तिच्या स्कीचं टोक फाटकाला अडकलं आणि ती भरकटली. तशीच खाली गेली असती तर खेळ तिथेच संपला होता. ती वळून चढली, फाटक पार केलं आणि उरलेला उतार पुरा केला. तरी चौथी! दुसऱ्या फेरीत तिनं इतका वेग घेतला की एकूण वेळेत सुवर्ण तिचंच. एका ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णं.

पुरुषांना जास्त थांबावं लागलं. १९६४ ला इन्सब्रुकमध्ये बिली किड आणि जिमी ह्यूगा यांना स्लॅलमचं रौप्य आणि कांस्य मिळालं. पहिलं सुवर्ण १९८४ ला सारायेव्होत बिल जॉन्सननं डाउनहिलमध्ये (निव्वळ वेगाची उतरण) घेतलं.

गुलमर्गला शिकायला जातोय. बूट स्कीला घट्ट बांधलेला बरा ना? — वाचक, विजापूर रोड

घट्ट बांधलेला बूट पाय मोडतो. नॉर्वेहून ओरेगनमध्ये आलेल्या यालमार व्हॅमचा पाय १९३७ मध्ये असाच मोडला. त्यानंतर त्यानं पिळाचा जोर आला की बुटाचं टोक आडवं सोडणारी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरणारी पकड, तयार केली. आजची बाइंडिंग पुढून आडवी आणि मागून वर सुटते. किती जोरानं सुटावी याचा आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी यांवरून तक्त्यात बघून लावतात. भाड्याच्या दुकानात हे पाचही सांगा, आणि नवशिके आहात हे लपवू नका. मित्राची जोडी तशीच घालू नका. आकडा जास्त असला की पडताना सुटत नाही. कमी असला की साध्या वळणावर सुटते. प्रत्येक वेळी बूट अडकवण्याआधी तळाचा बर्फ काठीनं खरवडा, कारण त्या थरामुळे बाइंडिंग नीट बसत नाही. यानं नडगीचं हाड वाचतं. गुडघ्याच्या लिगामेंटची तेवढी खात्री नाही, म्हणून तोल पूर्ण गेला की उभं राहायची धडपड न करता कडेला पडून जा.

आपल्या लष्कराची उंचावरच्या युद्धाची शाळा गुलमर्गला आहे. अमेरिकेत स्की-सैनिक होते का? — माजी सैनिक, बार्शी

होते. १९३८ मध्ये नॅशनल स्की पॅट्रोल ही उतारांवर जखमींना मदत करणारी संघटना उभी करणाऱ्या मिनो डोल यांनी अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांच्याकडे पाठपुरावा केला. त्यातून पुढे १० वी माउंटन डिव्हिजन झाली, आणि १९४२ मध्ये कोलोरॅडोत २,८०० मीटर उंचीवर कॅम्प हेल बांधला गेला. गंमत अशी की त्यांची सर्वांत मोठी कामगिरी स्की न घालता झाली. १८ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री इटलीतला रिव्हा रिज हा कडा ते अंधारात चढले आणि जर्मन तुकड्यांना बेसावध गाठलं. युद्धात या डिव्हिजनचे जवळपास हजार जवान गेले.

परतलेल्यांनी देशभर स्की शाळा आणि केंद्रं काढली. पीट सायबर्ट इटलीत जबर जखमी झाला होता. त्यानं कोलोरॅडोत व्हेल हे स्की केंद्र वसवलं. १५ डिसेंबर १९६२ रोजी ते एक गोंडोला (बंद डब्यांची तारेवरची लिफ्ट) आणि दोन चेअरलिफ्टवर सुरू झालं.