शिरपूरचे काम, सेंधव्याचे मजूर, मोरबीच्या टाइल्स: छोट्या ठेकेदाराने काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न आहे: शिरपूरला बांधकामाचे छोटे ठेके, पंधरा-वीस मजूर सेंधव्याकडचे, टाइल्स मोरबीच्या. नियम बदलले, तर आधी काय बघू?

आधी मजुरांचं बघा भाऊ. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता (मजुरांबद्दलचे जुने कायदे एकत्र करून केलेले केंद्राचे नवे कायदे) लागू झाल्या आहेत. सेंधवा आपल्याला शेजारचं गाव वाटतं, पण कायद्याला ते मध्य प्रदेश. परराज्यातला मजूर मुकादमामार्फत येवो की स्वतःहून, आता तो आंतरराज्य स्थलांतरित कामगारच. असे दहा किंवा जास्त असले की अशा कामगारांसाठीची कलमं तुम्हाला लागतात. वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचं भाडंही त्यात आलं. नेमणूकपत्र प्रत्येकाला द्यायचं.

खरी अडचण होळीला येते. भोंगऱ्यासाठी (होळीआधीचा आदिवासींचा सण-बाजार) माणसं निघतात आणि आपला हिशेब कच्च्या वहीत, उचल कोणी किती घेतली त्यावर वाद. आता काम सोडणाऱ्याची मजुरी दोन कामकाजी दिवसांत चुकती करावी लागते. म्हणून उचल रोखीने देऊ नका, खात्यावर टाका. मुकादमाच्या शब्दावर तर अजिबात राहू नका. (मी राहिलो होतो. दोनदा पैसे भरले.)

मालाचं सोपं आहे. परराज्यातून पन्नास हजारांवरचा माल म्हणजे ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीचं ऑनलाइन काढायचं कागदपत्र) हवंच. साध्या ट्रकला या बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळते. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते. ड्रायव्हरला हे सांगून ठेवा.