राज्याचा अर्थसंकल्प पहिल्यांदाच वाचताय? भाषणापासून सुरुवात करू नका

भाषणात घोषणा असतात, पैसा शोधायचा तर लेखाशीर्षात, म्हणजे जमा-खर्चाच्या प्रत्येक बाबीला दिलेल्या सांकेतिक क्रमांकात, शोधा. आधी चार आकडी मुख्य लेखाशीर्षाचा पहिला अंक ओळखायला शिका. ० असेल तर महसुली जमा, २ म्हणजे महसुली खर्च, ४ म्हणजे भांडवली खर्च, ६ म्हणजे कर्ज. २२०२ हे सर्वसाधारण शिक्षण. यात मोठा वाटा पगाराचा. शाळेची इमारत मात्र ४२०२ मध्ये सापडेल. एवढं कळलं की ‘शिक्षणावर अमुक कोटी’ या वाक्यात वर्गखोल्या किती आणि पगार किती, हे तुमचं तुम्हीच काढाल.

मग एकाच ओळीतले तीन आकडे पाहा: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि आधीच्या वर्षाच्या प्रत्यक्ष रकमा. नवखे लोक पहिल्यावरच बातमी करतात. मी तरी प्रत्यक्ष रकमांशिवाय कशावरच विश्वास ठेवत नाही.

पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर सरकारनं विधिमंडळाकडे मागितलेला जादा निधी, तर अजिबात सोडू नका. महाराष्ट्रात २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात अर्थसंकल्प मांडल्यावर काही दिवसांतच ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. नुसता अर्थसंकल्पातला आकडा घेऊन बसलात तर चित्र अपुरंच राहणार.

करांचं म्हणाल तर जीएसटीसोबत मुद्रांक शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट आणि दारूवरचं उत्पादन शुल्कही बघा. दर ठरवणं राज्याच्या हातात आहे ते मुख्यतः या शेवटच्या तिन्हींतच.

शेवटी ‘कॅग’चे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, वित्त लेखे (वर्षाचा एकूण जमा-खर्च) आणि विनियोजन लेखे (मंजूर निधी आणि झालेला खर्च यांची तुलना) काढा. मंजूर झालेला निधी कुठल्या खात्यात पडून राहिला, हे विनियोजन लेख्यांत मागणीनिहाय दिलेलं असतं. सुरुवातीला एकच खातं धरा.